नेब्युलायझर : तान्ह्या बाळासाठी घरगुती वापर

पातळ औषधाचे अतिसूक्ष्म तुषार करून ते श्वासावाटे देण्याचे यंत्र. सातारा-सांगलीकडे याला सर्रास ‘वाफ देणे’ म्हणतात, पण तुषार गार असतात. पातेल्यातली गरम वाफ हा त्याला पर्याय नव्हे. तिने बाळे भाजतात.

घरी बहुधा कॉम्प्रेसरचे यंत्र असते. नळीतून आलेली हवा औषधाच्या कपातल्या बारीक छिद्रातून जोराने निघते, औषध वर खेचते आणि फोडते. १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब फुप्फुसात उतरतात, मोठे घशातच चिकटतात. साल्ब्युटामॉल काही मिनिटांत श्वासनळ्या सैल करते. त्याने हात थरथरतात, छाती धडधडते. ब्युडेसोनाइड सूज उतरवते, पण सावकाश. त्यानंतर बाळाचे तोंड आतून-बाहेरून ओल्या फडक्याने पुसावे, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

रेस्प्यूल, म्हणजे एका वेळच्या औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी, साधारण २ ते २.५ मिलीची असते. कपाच्या तळाशी थोडे औषध उरतेच, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यास नॉर्मल सलाइन (०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी) घालून ३-४ मिली करतात. साधे पाणी, उकळलेले असले तरी, घालू नये. त्याने श्वासनळ्या आवळतात.

बाळाला दूध पाजण्याआधी मांडीवर उभट धरावे, कप सरळ ठेवावा. ८-१० मिनिटांत कप फडफडू लागतो. टिचकी मारून कडेचे थेंब खाली आणावेत आणि तुषार थांबले की बंद करावे. मास्क नाका-तोंडावर नीट बसलाच पाहिजे. बाळ झटकते म्हणून तो लांब धरला, तर बरेचसे औषध हवेत जाते. रडताना श्वास तुटक, घाईचा होतो आणि औषध तोंडा-घशातच राहते. ‘रडला की जास्त ओढतो’ ही समजूत चुकीची आहे. आधी शांत करावे, मग मास्क लावावा.

दर वेळी कप आणि मास्क धुवावेत, रोज एकदा साबणाने. नळी धुवायची नसते. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात काहीच वाळत नाही आणि ओल्या कपात जंतू वाढतात. म्हणून पाणी झटकून कप नळीला जोडावा व कॉम्प्रेसरची हवा थोडा वेळ सोडावी. ऊसपट्ट्यात पाचट जाळण्याच्या आणि गुऱ्हाळांच्या दिवसांत कॉम्प्रेसरचा हवेचा फिल्टर वरचेवर पाहावा, काळवंडला की बदलावा. वीज गेली तर औषधाचा पंप (इनहेलर) आणि त्याला जोडायची मास्कवाली पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, हा चांगला पर्याय आहे, मात्र डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा.

साध्या सर्दीला हे लागत नाही. विषाणूमुळे होणाऱ्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये (बारीक श्वासनळ्यांच्या सुजेत) साल्ब्युटामॉलचा सहसा उपयोग होत नाही, म्हणून थोरल्या भावंडाच्या उरलेल्या रेस्प्यूल वापरू नयेत.

बरगड्यांखाली खळगे पडणे, दूध ओढता न येणे, ओठ निळसर होणे, किंवा मिनिटाला श्वास दोन महिन्यांआतील बाळात ६० वा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत ५० वा अधिक असणे, ही धोक्याची लक्षणे. जावळी-पाटणच्या वाड्यांवरून दवाखाना लांब पडतो. तिथे नेब्युलायझर पुन्हा लावून त्याचा परिणाम पाहत बसू नये, लगेच १०८ ला फोन करावा.