जूनमध्ये चढणारा आलेख

सूर्यमालेत बुध वेगाने फिरतो आणि नेपच्यून रेंगाळतो, कारण जवळजवळ सगळे वस्तुमान मध्यभागी, सूर्यात एकवटलेले आहे. दीर्घिकांच्या कडेचे तारेही असेच संथ असावेत, अशी अपेक्षा होती. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेची मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा मात्र केंद्रापासून दूर गेल्यावरही वेग अपेक्षेप्रमाणे उतरत नसल्याचे दिसले. फ्रिट्झ झ्विकी यांना १९३३ मध्येच कोमा दीर्घिकासमूहात हीच अडचण जाणवली होती. त्यांच्याकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. हा वेग टिकवायला जास्तीचे गुरुत्वाकर्षण पुरवणारे, पण न दिसणारे द्रव्य असले पाहिजे; त्यालाच कृष्णद्रव्य म्हणतात. ते साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे, असे आज विश्वाच्या आद्य प्रारणावरून मानले जाते.

कृष्णद्रव्य सूक्ष्म कणांचे असेल, तर ते आपल्या दीर्घिकेतही सर्वत्र पसरलेले असणार. सूर्य सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगाने त्यातून वाट काढतो, म्हणजे आपल्यावर त्या कणांचा वारा सतत समोरून येत असला पाहिजे. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते. या गतीचा काही भाग जूनच्या सुरुवातीला सूर्याच्या गतीत मिळवला जातो आणि डिसेंबरमध्ये वजा होतो. त्यामुळे कणांच्या धडकांची संख्या वर्षभरात किंचित वरखाली व्हायला हवी.

इटलीतील ग्रान सास्सो पर्वताखालच्या प्रयोगशाळेत ‘डामा’ गटाने सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत उमटणारे प्रकाशाचे क्षीण ठिपके मोजायला घेतले आणि अगदी हाच चढउतार, अगदी याच महिन्यांत, आपल्याला सापडल्याचे ते १९९०च्या दशकाच्या अखेरपासून सांगत आले आहेत. आलेख देखणा आहे, आणि नोंदी वर्षानुवर्षे टिकून आहेत. तरीही बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांना तो पटलेला नाही, आणि माझ्या मते त्यांचा संशय रास्त आहे, कारण वर्षातून एकदा वरखाली होणाऱ्या गोष्टी पृथ्वीवर थोड्या नाहीत. विश्वकिरणांतून जन्मणारे म्युऑनच पाहा: उन्हाळ्यात वरचे वातावरण तापून विरळ होते, म्युऑनना जन्म देणारे पायॉन कण हवेच्या अणूंवर आदळण्याआधीच विघटित होण्याचे प्रमाण वाढते, आणि खडक भेदून खोल पोहोचणारे म्युऑनही वाढतात. केवळ म्युऑनमुळे ‘डामा’चा आलेख उलगडत नाही, कारण त्यांचे शिखर काहीसे उशिरा येते, पण ऋतू जमिनीखालीही पोहोचतात, एवढे त्यावरून दिसते.

दरम्यान इतरांनी वेगळा मार्ग धरला. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात, एका जुन्या सोन्याच्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोलवर, ‘लक्स-झेपलिन’ या उपकरणात सात टन द्रवरूप झेनॉन डोळ्यांत तेल घालून राखले जाते. कण अणुकेंद्रावर आदळला, तर प्रथम प्रकाशाची चमक उमटावी आणि मागोमाग सुटे झालेले इलेक्ट्रॉन वर खेचले जाऊन दुसरी चमक उमटावी. या दोहोंच्या प्रमाणावरून साधा किरणोत्सर्ग वेगळा काढता येतो. ‘डामा’चा दावा सर्वांत सरळ अर्थाने खरा असता, तर इतक्या संवेदनशील उपकरणाला असे कण केव्हाच दिसले असते. आजवर एकही खात्रीलायक धडक मिळालेली नाही.

पण झेनॉन आणि सोडियम आयोडाइड ही वेगळी द्रव्ये आहेत, अशी पळवाट उरतेच. ती बंद करण्यासाठी स्पेनमधील ‘अनाइस’ आणि दक्षिण कोरियातील ‘कोसाइन’ या प्रयोगांनी मुद्दाम त्याच प्रकारचे स्फटिक वापरले. काही वर्षांच्या नोंदींनंतर दोघांनाही तो चढउतार आढळला नाही. यानंतर ‘डामा’च्या बाजूने बोलणे फार अवघड झाले आहे, तरी त्यांच्या आलेखात नेमके काय वरखाली होते, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.

यावरची मला सर्वांत आवडणारी कसोटी दक्षिण गोलार्धातली आहे. ऑस्ट्रेलियातील स्टॉवेलच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे एक किलोमीटर खोलीवर, ‘सेबर’ प्रयोगाची मांडणी याच स्फटिकांभोवती केलेली आहे. तिथे जूनमध्ये हिवाळा असतो. कृष्णद्रव्याच्या वाऱ्याला गोलार्धांशी कर्तव्य नसल्याने त्याचा चढ तिथेही जूनमध्येच यायला हवा. आलेख ऋतूंमागे जाणारा असेल, तर तो डिसेंबरकडे सरकेल.