पत्रकारितेतलं ऑटोमेशन

बातमीचं काम माणसाऐवजी सॉफ्टवेअरनं करणं म्हणजे पत्रकारितेतलं ऑटोमेशन. यात दोन गोष्टी येतात, एक म्हणजे मशीननं बातमी लिहिणं आणि दुसरी म्हणजे लिहिलेली बातमी कोणाला दिसेल ते अल्गोरिदमनं ठरवणं, आणि आपल्याकडच्या तालुका प्रतिनिधीला पहिलीपेक्षा दुसरीच जास्त छळते.

मशीन बातमी कशी लिहितं हे बाजारभावावरून पटकन कळतं. वाशीम किंवा हिंगणघाटच्या बाजार समितीचे आकडे घ्या: आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. वाक्यं आधीच लिहून ठेवलेली, मधल्या जागा रिकाम्या, कालच्यापेक्षा दर कमी असला की "घसरला" जास्त असला की "वधारला", झाली बातमी. पण हंगामाच्या पहिल्या दिवशी मुहूर्ताच्या सौद्यात पहिल्या शेतकऱ्याला शेला-नारळ देऊन मुद्दाम चढा भाव देतात, तो एका ढिगाचा भाव कमाल दर म्हणून आकड्यात बसतो आणि मशीन तोच हेडलाईनला लावणार. आकडा खोटा नसतो, पण तो वाचून दुसऱ्या दिवशी कोणी गाडी भाड्यानं करून ओलं सोयाबीन घेऊन गेला तर यार्डात उभं राहून विचारतो, "भाव कायले पडला बाप्पा?" ओलावा किती होता हे त्या चार रकान्यात नसतंच.

अभ्यासात नेहमी येणारी उदाहरणं अमेरिकेतली आहेत. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेनं 2014 मध्ये कंपन्यांच्या तिमाही निकालाच्या बातम्या मशीनकडे दिल्या, तिमाहीला 300 च्या आसपास व्हायच्या त्या 3,000 च्या वर गेल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये लॉस एंजेलिस टाइम्स या दैनिकाच्या 'क्वेकबॉट' नावाच्या बातमी लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरनं भूकंपाची बातमी काही मिनिटांत लावली. पण जून 2017 मध्ये याच बॉटनं 6.8 तीव्रतेचा भूकंप झाल्याचं सांगितलं, तो सांता बार्बराचा 1925 सालचा निघाला, सरकारी नोंद दुरुस्त करताना तारीख चुकली होती आणि मशीननं काही खिडकीतून बाहेर बघितलं नाही. स्वीडनचे संशोधक क्रिस्टर क्लेरवॉल यांनी 2014 मध्येच वाचकांना दोन्ही प्रकारचे मजकूर दिले, मशीनचा कंटाळवाणा वाटला पण जास्त तटस्थ वाटला, आणि कोणता कोणाचा हे बहुतेकांना नीट ओळखता आलं नाही. ओडिशात 2023 मध्ये ओटीव्ही या वाहिनीनं लिसा नावाची एआय अँकर आणली, तिची चर्चा बरीच झाली.

दुसरी बाजू बातमी कोणाला दिसते त्याची, म्हणजे क्लिक आणि व्ह्यूजच्या आकड्यांची. समाजशास्त्रज्ञ अँजेल क्रिस्टिन यांनी न्यूयॉर्क आणि पॅरिसच्या न्यूजरूममध्ये बसून पाहिलं की क्लिक मोजायचं सॉफ्टवेअर सारखंच असलं तरी पत्रकार त्याचा अर्थ वेगवेगळा लावतात. आपल्याकडे न्यूजरूम म्हणजे वार्ताहराचा मोबाईल. तोच फोटो काढतो, तोच युट्यूबवर टाकतो, तोच व्ह्यूज बघतो. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकार अतिवृष्टी धरतं, तेवढा नाही झाला पण नाल्याचं पाणी शिरून तूर गेली ही बातमी चालत नाही, बिबट्याची चालते, मग माणूस बिबट्यामागेच जाणार ना.

मशीनमुळे वाचलेला वेळ पत्रकार शोधाशोधीला देतील असं एपीचं म्हणणं होतं. पण तिथं पगार असतो. इथं बऱ्याच जणांचं घर मानधनावर आणि जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, त्यामुळे वाचलेला वेळ पंधरा ऑगस्टच्या पुरवणीसाठी सरपंचाच्या दारात जातो.