फॉर्मॅट मारायच्या आधी रिस्टोर पॉइंट बघा

"भाऊ, कालपर्यंत मस्त चालत होता, नवीन प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला अन् आता सारखा रिस्टार्ट होतोय", हे आम्ही दुकानात इतक्यांदा ऐकलंय की शेवटी हे पत्रक छापलं. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर असाच बिघडला, कोणीतरी सरळ फॉर्मॅट मारून दिला आणि अख्ख्या सीझनचा हिशोब, गाड्यांच्या पावत्या, सगळं गेलं. बिघाड फक्त ड्रायव्हरचा, म्हणजे प्रिंटर वगैरे चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, होता हो, रिस्टोर करून बघितलं असतं तर बहुतेक काहीच गेलं नसतं, आम्हाला अजून वाईट वाटतं त्याचं.

तर सिस्टम रिस्टोर ही विंडोजमधलीच सोय आहे, २००० सालच्या विंडोज एमईपासूनची, वेगळे पैसे नाहीत. विंडोजच्या फायली, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही), ड्रायव्हर, प्रोग्राम हे त्या दिवशी जसे होते त्याची खूण जपून ठेवली जाते, तिला रिस्टोर पॉइंट म्हणतात, उद्या काही बिघडलं की त्या खुणेवर मागं जायचं. तुमचे फोटो, वर्ड-एक्सेलच्या फायली याला हात लागत नाही. पण त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर निघून जातात, ते परत टाकावे लागतात.

एक अडचण आहे, बऱ्याच कॉम्प्युटरवर हे बंदच असतं, म्हणून आजच बघा. स्टार्टमध्ये इंग्रजीत रिस्टोर पॉइंट टाईप केलं की क्रिएट अ रिस्टोर पॉइंट येतं ते उघडा, सी ड्राइव्हसमोर ऑफ दिसत असेल तर कॉन्फिगरमध्ये जाऊन प्रोटेक्शन ऑन करा, खाली थोडी जागा द्या, मग क्रिएट दाबून नाव द्या, "टॅलीच्या अपडेट आधी" असं काहीतरी, म्हणजे नंतर ओळखता येतं. दिलेली जागा भरली की जुने पॉइंट आपोआप उडतात, आणि विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत तर जून २०२५ च्या अपडेटनंतर पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवसच राहतो. म्हणून मोठं काही टाकायच्या आधी दरवेळी नवीन बनवायचाच, दिवाळीत बनवलेला होळीला सापडणार नाही.

मागं जाताना त्याच खिडकीत सिस्टम रिस्टोर दाबा, बिघाडाच्या आधीची तारीख निवडा, आणि स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स नक्की दाबून बघा, काय काय जाणार ते तिथं आधीच दिसतं. एकदा सुरू झालं की मध्ये बंद करू नका. आपल्याकडं लाईटीचं काही खरं नाही, उन्हाळ्यात तर विचारूच नका, त्यामुळं यूपीएस नीट चालतोय का बघा, लॅपटॉप असेल तर चार्जिंगला लावूनच करा.

विंडोज उघडतच नसेल तरी घाबरू नका, दोन-तीनदा नीट सुरू झालं नाही की निळी रिपेअरची स्क्रीन येते, तिथं ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये सिस्टम रिस्टोर सापडेल. लॅपटॉप तिथं बिटलॉकरची, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपाची, की (नंबर) मागू शकतो, ती आधीच वहीत लिहून ठेवा.

हार्ड डिस्कच गेली तर मात्र रिस्टोर पॉइंट पण तिच्यासोबतच जातो आणि चुकून डिलीट केलेली फाईल यानं परत येत नाही, त्यामुळं हिशोबाची कॉपी पेनड्राइव्हवर वेगळी ठेवाच. काही अडलं तर कॉम्प्युटर आहे तसा आमच्याकडं घेऊन या, फॉर्मॅट न मारता.