तांदळातला खडा आणि डोळ्यांची तालीम

परवा मावसभावाने मोबाइलवर एक ॲप दाखवलं. रोज वीस मिनिटं पुसट पट्टे ओळखायचे, महिन्याभरात चष्म्याचा नंबर उतरतो म्हणे. नंबर ठरतो तो बुबुळाच्या वक्रतेवर आणि डोळ्याच्या लांबीवर. पट्टे बघून डोळा आखूड होत नाही. अशाच एका ‘अल्टिमआईज’ नावाच्या ॲपच्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा आक्षेप 2015 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घेतला आणि दीड लाख डॉलरवर ते प्रकरण मिटलं.

पण त्यामागचं विज्ञान थोतांड नाही. सरावाने नजर खरंच तयार होते. आजी तांदूळ निवडायला बसली की आपल्याला न दिसणारा पांढरा खडा तिला चटकन दिसायचा. तिचे डोळे अधू झाले होते, मेंदू तरबेज झाला होता. याला पर्सेप्चुअल लर्निंग म्हणतात. खरा प्रश्न पुढचा आहे: तांदळात कमावलेली नजर तूरडाळीत चालते का?

1991 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या कार्नी आणि सागी यांना मिळालेलं उत्तर निराशाजनक होतं. पडद्यावर आडव्या रेषांची जाळी क्षणभर चमकायची. तिच्यात तीन रेषा तिरक्या. त्या एकाखाली एक आहेत की एका ओळीत, एवढंच सांगायचं. काही दिवसांत लोक पटाईत झाले. मग तिरक्या रेषा पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेल्या, आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर! एका डोळ्याने शिकलेलं दुसऱ्या डोळ्यालाही येईना. म्हणजे हा बदल मेंदूच्या अगदी सुरुवातीच्या दृश्य भागात होत असणार, असा निष्कर्ष निघाला. तिथल्या पेशी दृष्टिपटलाचा आपापला तुकडाच सांभाळतात.

वीसेक वर्षं बहुतांशी हेच मानलं गेलं. मग 2012 मध्ये सागींच्याच प्रयोगशाळेने तोच खेळ एक फरक करून पुन्हा मांडला. मधेमधे बिनकामाची चित्रं घुसवली, रेषा 45 अंशांनी वळवलेली. एवढ्याने शिकलेलं सगळं नव्या जागी जसंच्या तसं उतरलं!

हे का झालं, याचं त्या प्रयोगशाळेने दिलेलं स्पष्टीकरण माझ्या विशेष आवडीचं. तेच चित्र त्याच जागी शेकडो वेळा आदळलं की तिथल्या पेशी बधिर होतात. अत्तराच्या दुकानात बसणाऱ्याला वास येईनासा होतो, तसं. मेंदूचे वरचे थर मग त्या बधिर पेशींकडून येणाऱ्या संदेशाशीच जुळवून घेतात. दुसऱ्या कोपऱ्यातल्या पेशी ताज्या असतात, त्यांचा संदेश वेगळा असतो, म्हणून तिथे ती जुळणी बसत नाही. वळवलेल्या रेषा हे बधिरपण उतरवतात. थोडक्यात, अडथळा शिकण्यात नव्हता, शिकवणीच्या पद्धतीत होता.

असे धागे त्याआधीही हाती लागले होते. अहिसार आणि होखस्टाइन यांना 1997 मध्ये आढळलं की सोप्या सरावातलं कौशल्य इतरत्र पसरतं, अवघड सरावातलं जागेला चिकटतं. 2008 मध्ये चीनमधल्या कोंग यू यांच्या गटाने एका जागी फिक्या-गडदाचा फरक शिकवला आणि दुसऱ्या जागी भलतंच काम दिलं, तर पहिलं कौशल्य दुसऱ्या जागीही पोचलं. आता पेशीच बदलतात, की वरचे थर कोणत्या पेशीचं किती ऐकायचं याचे भारांक फिरवतात, यावर अजून वाद आहे.

आपल्याकडे मात्र डोळे बांधून मुलांना वाचायला लावणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग निघाले, फी हजारांत. नाकाशेजारची फट बुजवली की ती विद्या संपते.

भावाला मी एवढंच विचारलं, पट्टे पडद्यावर कुठे येतात?

‘‘मधोमध. रोज तिथेच.’’

आजी तर ताटातले तांदूळ बोटांनी सारखे पसरत राहायची.