फोटोतला ‘मालक’ : लालबाग-परळच्या जुन्या दुकानांची पार्श्वभूमी

लालबाग, परळ, काळाचौकी भागातल्या दुकानांचे जुने फोटो अलीकडे घराघरांतून बाहेर पडू लागले आहेत. याला सगळी आठवणींची हौसच कारण आहे असं नाही. इमारत पुनर्विकासाला निघाली की भाडेकरूंना कागद लागतात. त्यासाठी पोटमाळ्यावरची ट्रंक खाली उतरते आणि भाडेपावत्यांच्या चळतीत दुकानाचा एखादा फोटो हाती लागतो. पावत्या फाइलमध्ये जातात, फोटो मोबाइलवर फिरतो. त्याखाली बहुधा एकच ओळ असते : ‘आमच्या आजोबांचं दुकान’. त्यातल्या ‘आमच्या’ या शब्दाला थोडा इतिहास आहे.

कापडगिरण्या, मग चाळी, मग चाळींच्या तळमजल्यावरचे गाळे हा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. अगदी सुरुवातीच्या दुकानांचे फोटो घरगुती संग्रहांत सहसा नसतात. जे असतात ते बहुतेक स्वातंत्र्यानंतरचे. फोटोग्राफरला बोलवायचा दिवसही ठरलेला, दसऱ्याचा. म्हणून इतक्या फोटोंत दारावर झेंडूचं तोरण दिसतं, तराजूला हळदकुंकू लावलेलं असतं आणि एरवी बनियनवर बसणारा माणूस इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ उभा असतो. बाकीचे फोटो दुकानाचे नव्हेतच. गणपतीची मिरवणूक, वरात किंवा मोर्चा टिपताना मागे पाटी आली, एवढंच. काळ ठरवायला रस्ता बघावा. ट्रामचे रूळ चालू दिसत असतील तर फोटो 31 मार्च 1964 च्या आधीचा, कारण दादरला जाणारी शेवटची ट्राम त्या रात्री धावली. पाटीवर ‘मुंबई 12’ आहे म्हणून तो 1972 च्या, म्हणजे पिनकोडच्या, आधीचा असं मात्र समजू नये. रंगवलेली पाटी कोणी पिनकोडसाठी पुसत नाही.

फोटोंत एक धंदा जवळजवळ सापडत नाही, तो खाणावळीचा. एका खोलीत पाळ्यांनी राहणाऱ्या कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या बायकांचा व्यवसाय या भागातल्या कुठल्याही दुकानाइतकाच मोठा होता. पण त्याला पाटी नव्हती, गल्ला नव्हता आणि दसऱ्याला फोटोग्राफर बोलवावा असं कोणाला वाटलंही नाही. मसाला कुटायच्या डंखाचा आवाज गल्लीभर घुमायचा, म्हणून मसालेवाल्यांची नोंद तरी राहिली.

आता तो ‘मालक’. माझ्यासमोर आत्ता एका भुसारी दुकानाचा फोटो आहे. पोती, डबे, त्यामागे धोतरातले गृहस्थ. घरात सगळे त्यांना मालक म्हणत, गिऱ्हाईकही म्हणे. त्यांच्या डोक्यावर भिंतीला फ्रेममध्ये गुमास्ता लायसन्स, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा परवाना, टांगलंय. फोटो मोठा करून पाहिला तर त्यावरचं नाव भलत्याच माणसाचं आहे. आणि भाडेपावतीवर तिसऱ्याचंच.

अशी गुंतागुंत या भागात घरोघर सापडते. तिचं मूळ 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. जागेचं भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं गेलं. जागा त्यानंतर प्रथम दिली असेल तर त्या पहिल्या भाड्याला. कायदा युद्धोत्तर टंचाईपुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत पन्नास वर्षं राहिला. बाजारात गाळ्याची किंमत चढत गेली, पावतीवरचा आकडा जागचा हलला नाही. मधला फरक ज्या रकमेत वसूल होऊ लागला ती पागडी. बोलण्यात कोणी पगडी म्हणतं, कोणी पागडी. शब्द डोक्यावरच्या मानाचा, व्यवहार टेबलाखालचा. जागा देताना घरमालकाने अशी रक्कम घेणं गुन्हा होता, आणि भाडेकरूने जागा सोडताना घेणंही. तरी सगळं शहर घेत होतं, देत होतं. गाळा दुसऱ्याला देताना साधारण तिसरा हिस्सा घरमालकाचा, बाकी सोडणाऱ्याचा, आणि पावती नव्या माणसाच्या नावावर. ती नावावर झाली की तो मालक. खरं तर तो भाडेकरूच, पण दोन पिढ्यांची पुंजी ओतून झालेल्या माणसाला भाडेकरू कोण म्हणणार?

त्यावर 1973 ने आणखी एक गाठ मारली. लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरू न होता नुसत्या वापराच्या परवानगीवर, जागा वापरणारे जे 1 फेब्रुवारी 1973 रोजी ताब्यात होते, त्यांना कायद्याने भाडेकरू मानलं गेलं. जागा देणारे सावध झाले. मग ‘कंडक्टिंग’ आलं : जागा दिलेलीच नाही, चालता धंदा फक्त चालवायला दिलाय, अशी कागदावरची मांडणी. लायसन्स एकाचं, पावती दुसऱ्याची, गल्ल्यावर तिसरा. दसऱ्याच्या फोटोत अर्थात तिसराच उभा राहतो, पहाटे शटर तोच उघडतो.

याची दुसरी बाजू घरमालकाची. तेवढ्या भाड्यात जिन्याची फळीसुद्धा बदलता येत नव्हती, हे खरंच आहे. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं. नवा कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 पासून. त्याने भाड्याला वर्षाला 4 टक्के वाढ दिली आणि भाडेहक्क देता-घेताना पैसे घेणं कायदेशीर केलं. जे पन्नास वर्षं गुन्हा होतं ते एका कलमाने रीतसर झालं. चांगलं की वाईट, यावर अजून वाद आहेत. माझ्या मते या फोटोंतली दुकानं तीस-चाळीस वर्षं जशीच्या तशी दिसतात याचं पहिलं श्रेय त्या गोठलेल्या भाड्यालाच द्यावं लागतं. बाजारभाव लागला असता तर चार आण्याची हळद विकणारा तिथे पाच वर्षंही टिकला नसता.

जानेवारी 1982 च्या गिरणी संपात मात्र भाड्याची ही सवलत उपयोगाची नव्हती. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, पगार बंद, आणि वाण्याच्या वहीत उधारी. काहींनी ती वर्षानुवर्षं चालू ठेवली, काहींनी गाळा सोडला. त्यानंतरच्या फोटोंत एकेका पाटीवर नवी नावं दिसतात. किराण्याच्या जागी मोबाइल रिचार्ज, लाँड्रीच्या जागी इस्टेट एजंट. 2011 मध्ये लालबागचा उड्डाणपूल झाल्यावर रस्त्यापलीकडून अख्खं दुकान एका चौकटीत बसवणंही अवघड झालं.

उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या पुनर्विकासात राहत्या घराला किमान क्षेत्रफळ ठरवून दिलेलं आहे. घर 120 चौरस फुटांचं असलं तरी ते वाढतं. दुकानाला मात्र जेवढी जागा होती तेवढीच. शिवाय जुना गाळा रस्त्याला लागून. नवा कुठे येईल हे नकाशा ठरवतो, आणि पार्किंगच्या रॅम्पशेजारी पिठाची गिरण चालत नाही. त्यामुळे बरेच जण गाळा ताब्यात घेऊन विकतात किंवा भाड्याने देतात. या वेळी कागदावर ते खरोखर मालक असतात.

पुनर्विकासात भाडेकरूची पात्रता तपासताना भाडेपावती, विजेचं बिल, गुमास्ता मागितला जातो. फोटो कोणी मागत नाही. माझ्यासमोरच्या फोटोच्या मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का आहे आणि शिसपेन्सिलीने केलेली एक बेरीज : गूळ, चणाडाळ, रॉकेल. खाली कोणाचं तरी नाव आणि ‘बाकी’.