गॅसवर थंड दूध? कुत्र्याला नको
कुत्र्याचं पोट गुरगुरतंय, खोलीभर वास सुटलाय, मग वाटीभर थंड दूध पाजा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. माणसाच्या जळजळीवरचा उपाय, उगाच कुत्र्याच्या माथी मारलेला. पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज बहुतेकदा कमी होतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जिवाणू आंबवतात. गॅस उलट वाढतो, कधी जुलाबही लागतात. पगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे तर हावरटासारखं खाताना हवाही गिळतात. त्यांना थोडं थोडं, विभागून द्या.

मात्र जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट टणक फुगलं, ओकारीचे उमासे येऊनही काहीच बाहेर पडत नसेल, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. मध्यरात्र असली तरी थेट डॉक्टर गाठा.