रस्ता दिसत नसताना कार रेस खेळायची कशी?

अंध माणूस व्हिडिओ गेम खेळतो म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं शेजारी बसून कुणीतरी सांगत असणार, नाहीतर गेमच इतका सोपा केलाय की कुठलंही बटण दाबा, जिंकलातच. तसं काही नसतं. फायटिंग गेम तर अंध प्लेअर कित्येक वर्षं नुसत्या कानांवर खेळतायत, कारण तिथे प्रत्येक लाथेचा, उडीचा, फटक्याचा आवाज वेगळा असतो आणि स्टीरिओमुळे समोरचा कुठल्या बाजूला आहे तेही कळतं.

कानाला बाजू कळते कशी? डावीकडचा आवाज उजव्या कानात जास्तीत जास्त 0.6-0.7 मिलिसेकंद उशिरा पोचतो, शिवाय मधे डोकं आल्यामुळे थोडा दबतो, आणि मेंदूला एवढासा फरक पुरतो. पुढे-मागे आणि वर-खाली मात्र बाहेरच्या कानाच्या घड्यांमुळे आवाज जो किंचित बदलतो त्यावरून कळतं. हेच सगळं सॉफ्टवेअरने हेडफोनमध्ये घातलं की शत्रू पाठीमागे उभा आहे असं खरंच वाटतं (प्रत्येकाचा कान वेगळा, त्यामुळे पुढचं-मागचं कधीकधी गंडतं).

पण कार रेसमध्ये लोचा असा की अंध क्रिकेटच्या बॉलमध्ये छर्रे असतात म्हणून तो खुळखुळत येतो, रस्त्याचं वळण थोडंच खुळखुळणार? ते कळतं धडकल्यावर. मग "आता ब्रेक मार, आता डावीकडे वळ" असं गेमनेच सांगायचं? त्यात प्लेअरने काय केलं, हुकूम पाळले. कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या ब्रायन स्मिथ आणि श्री नायर यांनी 2018 मध्ये यावर जे काढलं ते मला फार आवडलं. साध्या हेडफोनमध्ये एक आवाज डावी-उजवीकडे सरकत राहतो, त्यावरून गाडी किती स्पीडने कुठे चाललीये ते कळतं, आणि वळण यायच्या आधी वेगळे आवाज येतात, ते कुठल्या बाजूचं, किती तीव्र, किती लांब. बास. ब्रेक कधी मारायचा हे तुम्ही ठरवा! अवघड ट्रॅकवर अंध प्लेअरचा लॅप टाइम डोळस हौशी प्लेअरच्या आसपासच आला.

2023 च्या फोर्झा मोटरस्पोर्ट या कार रेसच्या गेममध्येही अंध प्लेअरसाठी असे आवाज आले, ब्रँडन कोल या अंध गेमरने त्यात सल्लागार म्हणून काम केलं. हे आवाज वेगवेगळे चालू-बंद करता येतात, आणि ते गरजेचंच आहे, कारण इंजिन, टायर, म्युझिक आणि वर हे सगळे एकदम वाजले तर काहीच ऐकू येणार नाही.

मोबाइल गेममध्ये मात्र गाडी आधी मेनूतच अडकते. साध्या अ‍ॅपमध्ये टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हे फोनमधले स्क्रीन रीडर बटणं वाचून दाखवतात, पण गेम इंजिन (ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनतो ते) सगळा स्क्रीन स्वतःच चित्रासारखा रंगवतं, त्यामुळे स्क्रीन रीडरला तिथे "स्टार्ट" नावाचं बटण आहे हेच कळत नाही. युनिटी या गेम इंजिनने आता त्यासाठी सोय दिलीये, पण ती आपोआप लागू होत नाही, डेव्हलपरने एकेका बटणाला नाव देत बसावं लागतं, आणि गेम पूर्ण झाल्यावर हे आठवलं तर प्रत्येक स्क्रीन परत उघडा.